माऊस बिघडला: उघडायचा की बदलायचा?

सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास कॉम्प्युटरवाचून ज्यांचं पान हलत नाही अशी माणसं पावलोपावली भेटतात. झेरॉक्स आणि डीटीपीवाले, ऑनलाइन फॉर्म भरून देणारे, करसल्लागार, दवाखान्यांचे काउंटर. शिवाय संगमेश्वर कॉलेज तिथेच असल्यामुळे सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन घाईघाईनं येणारी पोरं. या सगळ्यांच्या टेबलावरची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त राबणारी वस्तू म्हणजे माऊस. तो बिघडला की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. काही जण लगेच तीन-चारशे रुपये काढून नवा आणतात. काही जण जुन्यालाच टेबलावर आपटत, फुंकर मारत आणखी सहा महिने रेटतात. नेमकं काय बिघडलंय हे दोघांनीही बघितलेलं नसतं.

ते बघायला फार वेळ लागत नाही. निकाल आधीच सांगून टाकतो. मळ साचला असेल किंवा वायर तुटली असेल तर माऊस टाकू नका. क्लिक गेलं असेल तर माऊसची किंमत बघून ठरवा. सेन्सर किंवा आतली चिप गेली असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. यातलं आपलं प्रकरण कोणतं, हे कसं ओळखायचं ते आता सविस्तर बघू.

दोष माऊसचाच आहे ना?

पहिली तपासणी फुकटची आहे. माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि दुसरा चालू माऊस आपल्या कॉम्प्युटरला लावा. दुसऱ्या माऊसनंही तोच त्रास दिला, तर तुमचा माऊस निर्दोष आहे. मग पोर्ट बदलून बघा. डेस्कटॉपचे पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट रोज पेन ड्राइव्ह घालून-काढून ढिले झालेले असतात. मागचे, थेट मदरबोर्डवरचे पोर्ट त्या मानानं धडधाकट असतात. माऊस हबमधून जोडला असेल तर हब काढून थेट लावून बघा.

दुसरी तपासणी टेबलाची. आपल्याकडे कचेऱ्यांत टेबलावर काच टाकून तिच्याखाली देवाचा फोटो, कॅलेंडर आणि फोन नंबरांची यादी ठेवायची पद्धत आहे. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागावर उजेड टाकून त्याची सेकंदाला शेकडो-हजारो चित्रं घेतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून आपण किती सरकलो ते ठरवतो. पारदर्शक काचेवर त्याला टिपण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून बाण जागच्या जागी थरथरतो किंवा उड्या मारतो. चकचकीत सनमायकावरही असं होतं. साधा कागद, पुठ्ठा किंवा जुनी वही खाली घालून बघा. बाण सुधारला तर खर्च माऊस पॅडचा आहे, माऊसचा नाही.

तिसरी तपासणी कॉम्प्युटरच्या आत. थोडा वेळ हात लावला नाही की माऊस झोपतो आणि काढून परत लावल्यावर जागा होतो, अशी तक्रार असेल, तर विंडोज वीज वाचवण्यासाठी तो पोर्ट बंद करत असण्याची शक्यता असते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये यूएसबी हबच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी साधन बंद करण्याच्या परवानगीची खूण काढून टाका. लॅपटॉपवर बाण आपोआप सरकत असेल तर टचपॅड बंद करून बघा. मनगट टेकल्यानंही तसं होतं. जुन्या मशीनला गोल पिनचा हिरवा कनेक्टर असेल, तर तो माऊस मशीन चालू असताना काढू-घालू नये. काढलाच गेला, तर लावून मशीन रीस्टार्ट करावं. माऊस मेला असं वाटण्यामागे कित्येकदा एवढंच असतं.

काम अर्धवट असताना माऊस बंद पडला तर घाबरू नका. कंट्रोल आणि एस दाबून फाइल सेव्ह होते. डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नम लॉक ही तीन बटणं एकदम दाबली की विंडोजमध्ये 'माऊस कीज' ही सोय चालू होते. मग उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांनी बाण फिरतो आणि पाचच्या बटणानं क्लिक होतं. वेग गोगलगायीचा असतो, पण बिल पूर्ण करून गिऱ्हाईक वाटेला लावता येतं.

मळ: बऱ्याच तक्रारींचं मूळ

माऊसचा पहिला नमुना अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 1964 मध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची, बांधणी बिल इंग्लिश यांची. लाकडी खोक्याखाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. सायबर कॅफेच्या काळात माऊस वापरलेल्या प्रत्येकाला तो उघडता येत होता, हे आज विसरायला होतं. खालची चकती फिरवायची, गोळी काढून पुसायची, आतल्या रुळांवरचा काळा मळ नखानं खरवडायचा, की माऊस परत लोण्यासारखा सरकायचा. ऑप्टिकल माऊस आले, गोळी गेली आणि माऊस उघडायची सवयही गेली. क्लिक आणि व्हील हे हलणारे भाग मात्र तसेच राहिले, आणि त्यांच्यात मळ आजही साचतोच.

सोलापुरात हा मळ जरा जास्तच. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, खिडक्या उघड्या असतात, रस्त्यावरची धूळ घरात येते आणि तळहाताचा घाम त्या धुळीला चिकटून बसवतो. यंत्रमागाच्या किंवा गारमेंटच्या शेडला लागून ऑफिस असेल तर सुताची तुसं वेगळीच. असा माऊस उघडला की व्हीलच्या आसाभोवती राखाडी सुताची घट्ट अंगठी वळलेली दिसते. एखादं तूस किंवा केस सेन्सरच्या खिडकीत आडवा पडला, तर बाण भरकटतो आणि माणूस दुकानात जाऊन नवा माऊस घेऊन येतो.

साफसफाईला लागतं एवढंच: लहान फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, मऊ ब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे 'आयपीए' म्हणून मिळतं. आधी माऊस काढून ठेवा. वायरलेस असेल तर सेल काढा. उलटा करून सेन्सरची खिडकी कोरड्या काडीनं पुसा. पायाच्या पट्ट्यांच्या कडेला साचलेला मळ टूथपिकनं काढा. एवढ्यावर भागलं तर उघडायची गरज नाही.

उघडायचाच झाला तर स्क्रू शोधावा लागतो. साध्या माऊसला बहुतेक वेळा एकच स्क्रू असतो, आणि तो खालच्या कागदी लेबलाखाली किंवा पायाच्या पट्टीखाली दडवलेला असतो. लेबलावर नख दाबत फिरवा. जिथं खड्डा लागेल तिथं स्क्रू. स्क्रू काढल्यावर वरचं झाकण मागून उचला आणि मग पुढे सरकवा, कारण पुढच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खाचा असतात. पुढून ओढलंत तर त्या खाचा तुटतात आणि मग झाकण कधीच नीट बसत नाही. उघडल्या उघडल्या मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्रिंग कुठं होती, व्हील कोणत्या बाजूनं बसलं होतं, हे बंद करताना हमखास आठवत नाही.

रबरासारखा मऊ लेप असलेले महागडे माऊस दोन-तीन वर्षांनी चिकट होतात. हा मळ नसतो, लेपच विरघळत असतो. आयपीएत भिजवलेल्या फडक्यानं धीरानं घासला की लेप निघतो आणि खालचं कडक प्लॅस्टिक उघडं पडतं. दिसायला फिकट, वापरायला उत्तम. त्यासाठी माऊस टाकायचं कारण नाही.

वायर

माऊस हलवला की चालू होतो, ठेवला की बंद पडतो, किंवा विंडोजचा जोडणी-तोडणीचा आवाज सारखा येत राहतो, तर दोष वायरचा. वायर मधून क्वचित तुटते. माऊसमध्ये शिरते तिथं किंवा यूएसबीच्या टोकाशी ती रोज वाकते आणि आतली तार तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. दोन्ही टोकांशी वायर हळूहळू वाकवून बघा. एका विशिष्ट कोनात माऊस जिवंत झाला तर जागा सापडली.

माऊसच्या तोंडाशी तुटली असेल तर दुरुस्ती सोपी आहे. तुटलेल्या जागेपुढे तीन-चार सेंटिमीटर वायर कापायची आणि परत बोर्डावर झाळायची. यूएसबीच्या नियमाप्रमाणे लाल तार पाच व्होल्टची, काळी ग्राउंडची, पांढरी आणि हिरवी डेटाची. पण स्वस्त माऊसमध्ये हे रंग पाळलेलेच असतील याची खात्री नाही. म्हणून कापण्याआधी फोटो काढा आणि बोर्डावर छापलेली अक्षरं बघा. दुसऱ्या मेलेल्या माऊसची वायर वापरता येते, पण तिच्या कनेक्टरमधला तारांचा क्रम वेगळा असू शकतो. मल्टिमीटरनं बीप घेऊन जुळवल्याशिवाय लावू नका. वीज उलटी गेली तर चांगली चिपही जाईल. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे आजचं दुखणं उद्यावर ढकलणं. झाळ आणि वर हीट श्रिंकची नळी, हीच पक्की दुरुस्ती.

क्लिक

सर्वांत जास्त तक्रार हीच: एकदा दाबलं की दोनदा लागतं. फोल्डर निवडायला जावं तर उघडतं, फाइल ओढून न्यावी तर मध्येच सुटते. ओळखायची खूण सोपी आहे. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर डावं बटण दाबून धरा आणि निवडीची चौकट सावकाश मोठी करत न्या. बोट उचललेलं नसताना चौकट मधेच नाहीशी झाली तर आतला मायक्रो स्विच थकला आहे. खात्री करायची असेल तर विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये जाऊन मुख्य बटण डाव्याऐवजी उजवं करा. उजव्या बटणानं तेच काम बिनतक्रार झालं, तर दोष डाव्या स्विचचाच. नवा स्विच मिळेपर्यंत याच सोयीवर दिवस काढता येतात.

मायक्रो स्विच ही शेंगदाण्याएवढी काळी डबी. तिच्यात तांब्याच्या मिश्रधातूची वाकवलेली पात असते; दाबलं की ती टक् करून खालच्या टोकाला टेकते. धातूवर धातू टेकताना पात क्षणभर उसळते. ही उसळी काही मिलिसेकंदांची असते आणि माऊसची चिप तेवढी दुर्लक्षित करते. पातीचा ताण कमी झाला किंवा टोकावर गंज धरला, की उसळी लांबते आणि चिपला ती दुसरी क्लिक वाटते. माऊसमधला प्रवाह इतका किरकोळ असतो की ठिणगीनं टोक साफ होणं वगैरे घडतच नाही; गंज साचतच जातो.

कंपन्या स्विचवर आयुष्य सांगतात: 1 कोटी क्लिक, 2 कोटी, 5 कोटी. सोलापुरी चादरीचं डिझाइन करणाऱ्याचं उदाहरण घ्या. पूर्वी जेकार्डचं डिझाइन चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून होत असे. आता तीच घरं पडद्यावर माऊसनं भरतात. समजा दिवसाला 5000 क्लिक आणि वर्षाला 300 दिवस, तर वर्षाला 15 लाख. 1 कोटीचा स्विच कागदावर साडेसहा वर्षांवर टिकायला हवा. प्रत्यक्षात धूळ, घाम आणि गंज यांमुळे तो बराच आधी कुरकुरायला लागतो. फक्त हिशेब लिहिणाऱ्याच्या आणि दिवसभर डिझाइन करणाऱ्याच्या माऊसचं वय म्हणूनच वर्षांत मोजू नये.

इलाज तीन. पहिला, स्विचच्या कळीखाली कॉन्टॅक्ट क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारून बटण पन्नासेक वेळा दाबणं. यानं काही दिवस ते काही महिने निभावतं. पक्का इलाज नाही. दुसरा, डबी उघडून पात परत वाकवणं. व्हिडिओत सोपं दिसतं, पण कळ तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि उडाली की फरशीवर सापडत नाही. हौस असेल तर करा. तिसरा आणि खरा इलाज, स्विच बदलणं. तीन पायांचा हा स्विच ओमरॉन, कैल्ह, हुआनो अशा कंपन्यांचा सुटा मिळतो, आणि माऊसच्या मानानं त्याची किंमत किरकोळ असते. जुन्या मेलेल्या माऊसचं उजवं बटणही चालतं, कारण उजवं क्लिक फार कमी वापरलेलं असतं. मात्र झाळणाऱ्याचा हात सवयीचा हवा. स्वस्त माऊसचा बोर्ड एकपदरी असतो. सोल्डरिंग गन जास्त वेळ टेकली की तांब्याचा पट्टा उचकटून येतो आणि शंभर रुपयांच्या दुरुस्तीत माऊस कायमचा जातो.

व्हील आणि सेन्सर

पान खाली सरकवताना मध्येच वर उडी मारत असेल तर व्हीलचा एन्कोडर, म्हणजे व्हीलचं फिरणं मोजणारा भाग, खराब आहे. काही माऊसमध्ये व्हीलच्या खाचांतून उजेड जातो. तिथं तुसं काढली की काम होतं. बाकीच्यांत व्हीलच्या आसाचं टोक बाजूच्या छोट्या डबीत बसतं आणि आत धातूची टोकं घासतात. तिथं कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडून व्हील भरपूर फिरवा. दाराच्या कुरकुरीसाठी वापरायचं तेल मारू नका; ते धूळ धरतं. एन्कोडर बदलायचा झाला तर उंची जुळली पाहिजे. 7, 9, 11 मिलिमीटर अशा वेगवेगळ्या उंचीचे ते येतात, आणि दोन मिलिमीटरच्या फरकानं व्हील वाकडं बसतं. म्हणून जुना हातात घेऊनच खरेदीला जा.

खालचा लाल दिवा लागत नाही म्हणून माऊस मेला असं धरू नका. बऱ्याच माऊसचा दिवा इन्फ्रारेड असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. अंधारात मोबाइलचा कॅमेरा धरला तर पुष्कळदा जांभळट ठिपका दिसतो. पण पोर्ट ठीक, वायर ठीक, खिडकी साफ आणि तरीही बाण हलतच नाही, किंवा कॉम्प्युटर माऊसला ओळखतच नाही, तर सेन्सर किंवा मुख्य चिप गेलेली आहे. ती सुटी आणून बसवण्यात शहाणपण नाही. चहा-पाणी सांडून बोर्ड हिरवा पडला असेल तरी तेच. अशा माऊसचे स्विच, वायर आणि पायाच्या पट्ट्या काढून ठेवा आणि त्याला निरोप द्या.

वायरलेसचं तंत्र वेगळं

वायरलेस माऊस अडखळत असेल तर आधी नवा सेल. नंतर डोंगलची जागा. निळ्या यूएसबी 3 पोर्टमध्ये हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह चालू असताना शेजारी लावलेल्या डोंगलच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींना अडथळा येतो. डोंगल दुसऱ्या बाजूच्या पोर्टला किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरवर, माऊसच्या जवळ लावा. दुरुस्तीचा खर्च शून्य.

सेल फुटून पत्र्यावर पांढरा थर बसला असेल आणि सेल अल्कलाइन असेल, तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून तो थर पुसा, मग आयपीएनं पुसून पूर्ण वाळवा. पत्रा शाबूत असेल तर माऊस वाचतो. सुट्टीत महिनाभर कॉलेजची लॅब किंवा दुकान बंद राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा. चार्जिंगच्या माऊसचं अंग फुगलेलं दिसलं तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे. तो चार्जिंगला लावू नका आणि घरी टोचून उघडूही नका.

डोंगल हरवलं तर मात्र पंचाईत. काही कंपन्यांची डोंगल सुटी मिळतात आणि परत जोडता येतात. स्वस्त माऊसची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. तिथं डोंगल गेलं म्हणजे माऊस गेला.

पैशाचा हिशेब

एक साधा नियम धरा. दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच नव्या माऊसच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर नवा घ्या. खर्चात सुटा भाग, मजुरी, जायला-यायला लागणारं पेट्रोल आणि माऊस दुकानात पडून राहील तेवढे दिवस, हे सगळं धरा.

समजा 350 रुपयांच्या वायरवाल्या माऊसचं डावं क्लिक गेलं आणि दुकानदार भाग-मजुरी मिळून 200 सांगतो. नवा घ्या, जुन्याचं व्हील आणि वायरही त्याच वयाची आहे, पुढची तक्रार दूर नाही. पण तोच माऊस घरात कुणाला झाळता येत असेल तर वीस-पंचवीस रुपयांत उभा राहतो. मग नक्की करा. उलट 4000 रुपयांच्या माऊसचे दोन्ही स्विच 400 रुपयांत बदलून मिळत असतील तर विचारच करायला नको. त्या माऊसचा आकार हाताला बसलेला असतो, त्याची जादा बटणं आपल्या कामासाठी लावून घेतलेली असतात, त्याचंही मोल आहे.

मनगट किंवा अंगठा दुखतोय म्हणून माऊस नकोसा झाला असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवा. हाताच्या मापाचा नसलेला माऊस चालू असला तरी बदलावा.

आणि ज्यांची रोजी-रोटी काउंटरवरच्या मशीनवर आहे त्यांनी एक साधा वायरवाला माऊस ड्रॉवरमध्ये कायम ठेवावा. महाविद्यालयीन प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला, रांग दाराबाहेर गेलेली असताना, तीनशे रुपयांचा माऊस शोधायला माणूस पाठवणं परवडत नाही. हाताशी जादा माऊस असला की बिघडलेल्याबद्दल निवांत ठरवता येतं.

वॉरंटी आणि दुकान

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी खोकं आणि बिल शोधा. नामांकित कंपन्यांच्या माऊसवर बहुधा एक ते तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि ती असताना लेबल फाडून माऊस उघडलात तर ती जाते. बहुतेक कंपन्या माऊस दुरुस्त करत बसत नाहीत, बदलून देतात. डबल क्लिकची तक्रार वॉरंटीत चालते. तुटलेली वायर आणि सांडलेला चहा सहसा चालत नाही. दुकानाचं थर्मल कागदावरचं बिल सोलापूरच्या उन्हाळ्यात सहा महिन्यांत कोरं होतं, म्हणून घेतल्या दिवशीच बिलाचा आणि माऊसखालच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. वॉरंटी शिल्लक असताना टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

केंद्र सरकारनं डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात पहिल्यांदा घेतलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. माऊसला त्यात वेगळी जागा नाही. त्यामुळे वॉरंटी संपलेल्या माऊससाठी आपला आधार म्हणजे बाजारातले सुटे भाग आणि झाळकाम येणारा कारागीर.

सात रस्ता असो की नवी पेठ, दुकानात माऊस टाकण्याआधी चार प्रश्न विचारा. काय गेलंय? कोणता भाग घालणार, नवा की जुन्या माऊसमधला? एकूण किती? आणि परत बिघडला तर किती दिवसांत फुकट बघणार? ज्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही त्याच्याकडे माऊस ठेवू नका. कॉम्प्युटर विकणारे सगळेच झाळकाम करत नाहीत. पुष्कळदा मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर हे काम जास्त सफाईनं करतो.

नवा घ्यायचाच झाला तर

पुढची दुरुस्ती डोळ्यांसमोर ठेवून घ्या. काउंटरसाठी वायरवाला बरा: सेल नको, डोंगल हरवायला नको, कुणी उचलून न्यायची भीती कमी. वायर सुटी होणारी असेल तर सर्वांत चांगलं, कारण पहिली मरते तीच. धातूच्या पातीऐवजी उजेडावर चालणारे ऑप्टिकल स्विच असलेले माऊसही मिळतात. त्यांत उसळीची भानगड नसते, किंमत मात्र जास्त असते. ऑफिसच्या कामाला 1000 डीपीआय भरपूर झाले. खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. दुकानातच दोन्ही बटणं दाबून आणि व्हील फिरवून बघा. नामांकित कंपनीचा माऊस निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो खरा आहे का, याची आधी शहानिशा करा.

आणि जुना?

जुना माऊस घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात गेलेल्या वायरमधलं तांबं काढण्यासाठी वायर जाळली की वरच्या पीव्हीसीतून विषारी धूर निघतो, आणि तो धूर जाळणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. देशात ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि कॉम्प्युटरबरोबरची इनपुट साधनं त्यांत मोडतात. म्हणजे माऊस आणि कीबोर्डही. अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करतं, आणि मंडळाचं सोलापूरचं उपप्रादेशिक कार्यालय सात रस्ता भागातच आहे. एका माऊससाठी कुणी फेरी मारणार नाही, हे खरं. पण कॉलेजची लॅब, क्लासेस, मोठी ऑफिसं यांनी एक खोकं ठेवलं, त्यात वर्षभराचे माऊस, कीबोर्ड, चार्जर आणि वायरी जमवल्या आणि एकदाच अधिकृत संस्थेला दिल्या, तर काम होतं. शेजारच्या चार दुकानदारांनी मिळून एकच खोकं ठेवलं तरी चालेल.

तेव्हा माऊस अडला की हा क्रम लक्षात ठेवा: पोर्ट, टेबल, मळ, वायर, क्लिक, आणि सर्वांत शेवटी पाकीट. पहिल्या तीन पायऱ्यांना फारसे पैसे लागत नाहीत, आणि बरेचसे माऊस तिथंच बरे होतात. उरलेल्यांसाठी निम्म्या किमतीचा नियम लावा आणि निर्णय त्याच दिवशी घेऊन टाका. दुरुस्त करणं, बदलणं आणि बिघडलेलाच वापरत राहणं, या तिन्हींतला शेवटचा पर्याय सर्वांत महागडा आहे.